डबा वरून काढलाय

"आई, तुमचं भांडण नक्की कशावरून झालं?"

विचारलं एकदाचं!  चष्मेवाली आणि उंट या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैजच लावली होती. (उंट म्हणजे मुलगीच आहे. फक्त उंच आहे आणि मान वर करून चालते.) "बाहेर एवढी भोंगा म्हणून मिरवतेस," उंट म्हणाली होती, "आणि घरात तोंडाला कुलूप? हिंमत असेल तर विचारून दाखव." नाही विचारलं तर मला गणिताच्या तासाला, भर वर्गात, म्हशीसारखं हंबरायचं होतं.

खरं सांगू? हंबरायला मी घाबरत नव्हते. मी घाबरले होते ती चष्मेवालीच्या एका वाक्याला. तिचे आईबाबा गेल्या वर्षी वेगळे झाले. ती त्यावर कधी बोलत नाही, पण त्या दिवशी चष्मा पुसता पुसता म्हणाली, "आमच्याकडेही आधी अबोलाच होता गं. मग वेगळी खोली. मग वेगळं घर." एवढं बोलून तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विज्ञानाच्या गृहपाठाबद्दल बोलायला लागली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. 

भोंगा हे माझं नाव नवीन आहे आणि मला त्याचा फार अभिमान आहे. आठवीपर्यंत माझा आवाज इतका बारीक होता की हजेरीला मी "हजर" म्हणायचे आणि बाई गैरहजेरी लावायच्या. मग या वर्षी शाळेच्या नाटकात मला पडद्यामागून एकच वाक्य मिळालं: "आग! आग! पळा!" मी ते असं काही ओरडले की पहिल्या रांगेत बसलेले मुख्याध्यापक खरोखर उठून दारापर्यंत पोचले. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. वर्गात बोलते, रस्त्यात बोलते, झोपेतही बोलते म्हणे.

फक्त घरात बोलायला जागाच उरली नव्हती. म्हणजे बोलायचे मीच, पण दुसऱ्यांचं. "तुझ्या आईला सांग, मीठ कमी आहे." आई हातभर अंतरावर. "तुझ्या बाबांना सांग, मिठाची बरणी समोरच आहे." बाबा बरणीच्या मागेच. आणि मी मध्ये, एकदा या कानाकडे आणि एकदा त्या कानाकडे, टेनिसच्या चेंडूसारखी. सुरुवातीला मजा वाटली. मग एकदा बाबांनी सकाळी बूट घालता घालता निरोप दिला, "आईला सांग, डबा वरून काढलाय. आता कुणाचं डोकं तापायला नको." मी स्वयंपाकघरात जाऊन शब्दन् शब्द पोचवला. आई पोळी लाटत होती. ओट्यावर जेवणाचा डबा होता, आणि तो वरच्या फळीवरून मीच स्टुलावर चढून काढला होता, म्हणून मला वाटलं बाबा फुकटचं श्रेय घेतायत. आईलाही तेच वाटलं असणार. ती लाटणं आपटत म्हणाली, "एक डबा काढला तर एवढा डंका? मी रोज काढते, कुणाला निरोप पाठवते का? सांग जा." मी सांगितलं. बाबांनी ते ऐकलं, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, आणि निघून गेले. त्या रात्री ते बाहेरच्या खोलीत झोपले.

वेगळी खोली. चष्मेवालीचा दुसरा टप्पा.

म्हणून मी आज, सुट्टीच्या दिवशी, आई विसरलेला जेवणाचा डबा घेऊन तिच्या ऑफिसात आले होते आणि पैजेचा प्रश्न विचारून मोकळी झाले होते.

"जेवलीस का तू?" आई म्हणाली. हे तिचं उत्तर!

आईबाबा दोघंही एकाच कंपनीत आहेत. दुसऱ्यांच्या यंत्रांवर लक्ष ठेवायची कंपनी. बाबा गावभर फिरून यंत्रांच्या खोल्यांमध्ये लक्ष ठेवणारी छोटी खोकी बसवतात, आणि त्या खोक्यांनी तारेवरून पाठवलेले आकडे आई इथे पडद्यावर बघते. ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार पडदे, एक कुरकुरणारा पंखा आणि एक रिकामी खुर्ची, कारण आईचे सोबती काका जेवायला गेले होते. पडद्यावर ओळीने चौकोन, प्रत्येक चौकोनात दोन आकडे, सगळे हिरवे.

"हे काय आहे?" मी विचारलं. प्रश्न एकदा सुटला की मला थांबवणं कठीण.

"रक्तपेढी. तळघरात बॅटऱ्यांची खोली आहे. वीज गेली तर रक्ताचे फ्रीज त्यावर चालतात." आईला बोलायला दुसरा विषय मिळाल्याने बरं वाटलेलं दिसलं. "तिथल्या खोक्याच्या पोटात जन्मापासूनच दोन सेन्सर आहेत. एक ताप बघतो, एक विजेचा दाब. वरचा आकडा खोलीचं तापमान, खालचा बॅटऱ्यांचे व्होल्ट. तापमान चाळीसच्या वर गेलं की तिथेच, तळघरात, भोंगा वाजतो."

"माझ्यासारखा!"

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे. लगेच ओरडत नाही, अर्धा मिनिट थांबून खात्री करतो. आणि एकदा ओरडायला लागला की सदतीसपर्यंत उतरल्याशिवाय गप्प बसत नाही. नाहीतर चाळीसच्या उंबऱ्यावर उभा राहून टीं, गप्प, टीं, गप्प करत बसेल. हे सगळे आकडे इथून ठरवायचे असतात."

"आणि मी कितीला गप्प बसते?"

"तुझी ती सोयच नाही."

आई हसली. किती दिवसांनी! मी प्रश्न पुन्हा विचारणार इतक्यात माझा फोन वाजला. बाबा.

"भोंग्या, कुठेस?"

"आईच्या ऑफिसात."

 मग बाबांचा तो कोरडा आवाज, निरोप देतानाचा. "बरं. तिला विचार, रक्तपेढीचं तळघर किती दाखवतंय. इथल्या सिस्टर म्हणतायत, जिन्यात वास येतोय. मी खाली बघायला जातोय."

"आई, रक्तपेढी किती दाखवतंय? तिथे वास येतोय म्हणे."

"सांग त्यांना, छत्तीस. हिरवं आहे."

"छत्तीस, हिरवं," मी म्हणाले.

"छत्तीस? मग गटाराचा वास असेल, तळघरच ते. बॅटऱ्यांचं कपाट उघडून बघतो एकदा. खाली रेंज नाही, वर आलो की फोन करतो." आणि जाता जाता, जरा हळू आवाजात, "ती जेवली का?"

"जेवली का विचारतायत," मी आईला म्हणाले. पण फोन बंद झाला होता.

आईने त्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही. "कसला वास म्हणाले?"

"मी नाही विचारलं. थांब." मी फोन लावला. ती रेकॉर्डवाली बाई गोड आवाजात म्हणाली की ही व्यक्ती संपर्काच्या बाहेर आहे. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी रक्तपेढीचाच नंबर शोधून लावला. सिस्टरनी उचलला. मागे कुणीतरी जोरजोरात बोलत होतं. "वास? हो हो, अंडं कुजल्यासारखा. तुमचा माणूस गेलाय की खाली," म्हणाल्या आणि ठेवूनही दिला.

"कुजक्या अंड्याचा," मी आईला सांगितलं.

आईचा हात माउसवर होता तो तिथेच राहिला.

"छत्तीसला?" ती पुटपुटली. "छत्तीसला हा वास येत नाही."

तिने खालच्या आकड्याकडे बोट नेलं. त्रेपन्न पूर्णांक एक. मी बघत असतानाच त्रेपन्न झाला. मग बावन्न पूर्णांक आठ.

"वीज गेली का?" मी विचारलं.

"नाही. वीज आहे. वीज असताना हा आकडा खांबासारखा उभा पाहिजे, चौपन्नवर. बॅटऱ्या खूप ओढतायत. चार्जर देतोय ते पुरत नाही त्यांना."

"का ओढतायत?"

"तापल्या की जास्त ओढतात. आणि जास्त ओढलं की आणखी तापतात. मग..." ती पुढे बोलली नाही. पण मला ते 'मग' ऐकू आलं. 

"पण तापलेल्या नाहीत ना? छत्तीस म्हणजे तर माणसाचाही ताप नाही."

"हो ना! तेच तर कळत नाही." आईने पडद्यावर थाप मारली, हळूच, जशी माझ्या पाठीवर मारते. "या डब्याने आधी माझा संसार बिघडवला, आता हा काय सांगतोय मला?"

"कुठल्या डब्याने?"

"तूच विचारत होतीस ना, भांडण कशावरून? यावरूनच! या डब्यावरून. रक्तपेढीच्या."

"याला डबा म्हणतात?"

"सगळेच म्हणतात. खरं नाव दीड ओळीचं आहे, कोण घेणार?" आई भराभर बोलायला लागली. घाबरली की ती अशीच बोलते, हे माझ्यात तिच्याकडूनच आलंय. "तुझ्या बाबांनी हा डबा चार्जरच्या डोक्यावर ठेवला होता. सोयीचं पडतं म्हणून. आता सेन्सर डब्याच्या पोटात, डबा गरम चार्जरवर, मग तो खोलीचा ताप मोजेल की चार्जरचा? रोज भोंगा. खोटा. तिकडून सिस्टरचे फोन, इकडे साहेबांची बोलणी, आणि सगळं ऐकायला मी. दहादा सांगितलं, तो डबा तिथून हलवा. 'उद्या.' मग एकदा मी जरा जास्तच बोलले. ते म्हणाले, तुला माझ्या कामातलं कळत नाही. मी म्हणाले..." ती थांबली. "असो. मग मीच इथून डब्याच्या हिशेबात आठ अंश वजा केले. चार्जरचा आठ अंशांचा फुगवटा कापून टाकला. भोंगा बंद. नाहीतर यांची वाट बघत बसले असते तर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. म्हणजे येत होतं, पण माझ्या कानात दुसरंच वाक्य वाजत होतं. बुटाची नाडी. लाटणं. ओट्यावरचा जेवणाचा डबा.

आईला सांग, डबा वरून काढलाय. आता कुणाचं डोकं तापायला नको.

"आई," मी म्हणाले. माझा आवाज परत आठवीतला झाला होता, बारीक. "आई, बाबांनी तो निरोप दिला होता ना. डबा वरून काढलाय म्हणून."

"हो, मग?"

"जेवणाचा डबा मी काढला होता, आई. स्टुलावर चढून. बाबांनी नव्हता काढला."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. पुस्तकात असं लिहिलेलं असतं तेव्हा मला वाटायचं, उगाच लिहितात. उगाच नाही लिहीत.

बाबांनी डबा हलवला होता. आईने आकडा हलवला होता. दोघांनीही तेच भांडण मिटवायला. आणि दोघांनाही वाटत होतं, भोंगा आपल्यामुळे शांत झालाय. आता डबा गार जागी बसून खरं सांगत होता, आणि आई त्याच्या खऱ्यातून आठ कापत होती.

छत्तीस आणि आठ मी बोटांवर मोजले नाहीत. त्याची गरज नव्हती.

आईने कुठलीशी खिडकी उघडली, उणे आठच्या जागी शून्य टाकलं, 'जतन करा' दाबलं. चौकोन लाल झाला. चव्वेचाळीसही नाही, एवढ्या वेळात आणखी दोन चढून शेहेचाळीस. 

"आणि बॅटऱ्या स्वतः याहून किती तरी गरम असतील," आई म्हणाली. "हा तर नुसता खोलीचा ताप. आणि मी त्यांना छत्तीस सांगितलं. मी सांगितलं, हिरवं आहे."

बाबा आत्ता तिथे होते. त्या खोलीत. मला ते दिसत होते. कपाटासमोर उकिडवे बसलेले, तोंडात स्क्रू धरलेला, गटाराला शिव्या घालत. छत्तीसच्या भरवशावर.

आईने रक्तपेढीला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. त्या सिस्टर कुणाशी एवढं बोलत होत्या! माझ्या फोनवर रेकॉर्डवाली बाई तेच तेच सांगत होती आणि मला तिच्या गोड आवाजाचा इतका राग आला की मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"चार्जर बंद कर ना इथून!"

"नाही करता येत. याला डोळे आहेत, हात नाहीत. बघतो आणि ओरडतो, बस."

"मग ओरडू दे! शेहेचाळीस झाले ना? भोंगा वाजेल ना आता?"

"वाजेल. पण त्यांना वाटेल पुन्हा खोटा. त्यांना छत्तीस माहीत आहे ना! ते उठून डबा बघतील, उघडतील, त्यात डोकं घालतील. बाहेर नाही येणार. बाहेर या, एवढं कसं सांगू मी त्यांना?" तिचे डोळे भरले होते. "कसं सांगू?"

आणि मला स्कूटर आठवली.

आम्हाला कुठे जायचं असलं की बाबा खाली जाऊन स्कूटर काढतात आणि हॉर्न वाजवतात. दोन छोटे, एक लांब. पीं, पीं, पीऽऽऽ. म्हणजे, असाल तशा या, आत्ताच्या आत्ता. केस विंचरायचे राहिले तरी चालेल. आई दर वेळी वैतागते, अख्ख्या गल्लीला कळतं म्हणते, आणि दर वेळी चपला हातात घेऊन खाली पळते.

"आई, भोंगा स्कूटरसारखा वाजवता येईल? दोन छोटे, एक लांब?"

आईने नाक पुसलं. एका क्षणात ती माझी आई राहिली नाही, कुणीतरी दुसरीच झाली, भराभर खिडक्या उघडणारी. "थांबायचा वेळ," ती म्हणाली, अर्धा मिनिट खोडून शून्य टाकलं. "उतरायचं अंतर," तीनाच्या जागी शून्य. "आता तो विचार करणार नाही. मर्यादेच्या वर गेला की ओरडेल, खाली आला की गप्प. मी मर्यादाच वरखाली करते. वीस टाकलं की ओरडेल. नव्वद टाकलं की गप्प."

 घाईत नव्वदच्या जागी नऊ पडलं.

"मी करू?"

"नको. हे मीच करणार. तू ताल सांग."

पहिला प्रयत्न बिघडला. 'जतन करा' दाबल्यावर एक छोटं चाक गरगर फिरायचं आणि मगच आकडा बदलायचा. छोटा भोंगाही लांबच वाजत असणार. मग आईने आधीच आकडा टाकून ठेवायचा आणि मी सांगितलं की दाबायचं, असं ठरलं. चाक फिरायला लागतं तेवढा वेळ धरून मी आधीच सांगायचं.

"आता!" मी ओरडले. "गप्प! आता! गप्प! आता... धर... धर... धर..."

खोलीत काहीच आवाज नव्हता. हे फार भयंकर होतं. आपण जीव तोडून ओरडतोय, आणि तो आवाज कुठेतरी दूर, जमिनीखाली वाजतोय की नाही, तेही कळत नाही. पडद्यावर नुसता चौकोन लाल आणि हिरवा होत होता. सत्तेचाळीस. बावन्न पूर्णांक दोन.

"पुन्हा," आई म्हणाली.

"आता! गप्प! आता! गप्प! आताऽऽ धर... धर..."

अठ्ठेचाळीस.

दाराशी जेवून आलेले काका उभे होते, हातात टूथपिक. कोणीही त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी पडदा बघितला आणि ते टूथपिक तोंडात घालायचं विसरले.

"पुन्हा," आई म्हणाली, आणि या वेळी तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी म्हणत होती. मी नीट ऐकलं. ती म्हणत होती, "अहो या ना. अहो या ना."

अबोल्यानंतर पहिल्यांदाच ती बाबांशी बोलत होती आणि ते ऐकायला तिथे नव्हते.

"आता! गप्प! आता! गप्प! आताऽऽऽ"

अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस.

"उतरला!" मी म्हणाले.

पंचेचाळीस. बेचाळीस. एकोणचाळीस.

"असा कसा उतरेल?" काका म्हणाले. "बिघडला वाटतं सेन्सर."

आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "दार," ती बोटांमधून म्हणाली. "कुठे लावलाय त्यांनी डबा? दाराजवळ लावला असेल. दाराजवळच्या भिंतीला खिळा आहे. दार उघडलंय कुणीतरी. बाहेरची हवा..."

फोन वाजला. मी माझ्या फोनवर झडप घातली. पण माझा पालथा, गप्प होता. वाजत होता तो आईचा.

तिने उचलला. "अहो," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच येईना.

फोन स्पीकरवर पडला होता, बहुतेक तिच्या गालामुळे. बाबांचा आवाज, दम लागलेला, चिडलेला, आणि मला इतका गोड कधी वाटला नव्हता: "अगं काय हे! स्कूटर कोण वाजवतंय तळघरात? मी कपाट उघडून बसलो होतो, जिवात जीव राहिला नाही माझा! मी जिन्यात आहे आता. काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

"आत जाऊ नका! अहो, आत जाऊ नका! छत्तीस नव्हतं ते. मी आठ वजा केले होते, मला माहीतच नव्हतं तुम्ही डबा..."

मग तो आवाज आला.

स्फोट म्हणावा एवढा मोठा नव्हता. जाड पुस्तक वरून फरशीवर पडावं तसा. धप्प. आणि मागोमाग काहीतरी ओतल्यासारखा फिस्स आवाज. आणि मग काहीच नाही.

ते 'काहीच नाही' किती वेळ होतं मला सांगता येणार नाही. पंखा कुरकुरत होता. आई फोनकडे बघत होती. मी भोंगा आहे, पण माझ्या तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. मला चष्मेवालीचं वाक्य आठवलं, वेगळी खोली, वेगळं घर, आणि मला ते तेव्हा चक्क चांगलं वाटलं. वेगळं घर चालेल. कुठेतरी असू दे, पण असू दे.

बाबा खोकले.

"आहे," ते म्हणाले. "मी आहे. दार लोटलं मी."

"जिन्याखालचा मोठा खटका," आई म्हणाली. आता ती पुन्हा ती दुसरी बाई होती. "चार्जरचा. पाडा तो. मग वर जा आणि सगळ्यांना बाहेर काढा. आग विझवणाऱ्यांना मी इथून फोन करते. फोन ठेवू नका."

"तुला कोण म्हणालं तुला माझ्या कामातलं कळत नाही म्हणून?" बाबा म्हणाले.

"तुम्हीच."

"गाढव आहे तो माणूस." खट्ट. खटका पडल्याचा आवाज.

मी खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच. काकांनी मला पाणी दिलं आणि मी ते अर्धं प्यायले, अर्धं सांडलं, आणि मग मोठ्याने रडले. माझ्या रडण्याचं काय सांगू, शेजारच्या ऑफिसातले लोक डोकावून गेले.

बाबा ऑफिसात आले तेव्हा त्यांना आंबूस, झोंबरा वास येत होता. बाही कोपरापर्यंत ओली. दार लोटताना तिच्यावर अॅसिड उडालं होतं, म्हणून सिस्टरनी ती पाणी ओतून ओतून धुतली होती. रक्तपेढीत कुणाला काही झालं नव्हतं, रक्ताचे फ्रीज साध्या विजेवर चालू होते. आग विझवणारी माणसं अजून तिथेच होती आणि त्यांनीच दारातून बाबांची पिशवी काढून दिली होती. एक बॅटरी तडकली होती, बाकीच्या उशीसारख्या फुगल्या होत्या. ज्या स्टुलावर बाबा बसले होते त्यावर अॅसिड उडालं होतं. पिशवीचा पट्टा तर मधोमध खाल्ला गेला होता, उंदराने कुरतडल्यासारखा. बाबांनी तो टेबलावर ठेवला. आम्ही तिघं त्या पट्ट्याकडे बघत राहिलो.

  फोनवर एवढं बोलून झालं होतं, पण आता समोरासमोर उभं राहिल्यावर दोघांनाही लाज वाटली असावी. आईने जेवणाचा डबा उघडला, पुन्हा बंद केला. बाबांनी घसा साफ केला. आणि मग, माझ्याकडे बघत, अगदी सवयीने:

"तुझ्या आईला सांग, डबा मी खरंच काढला होता."

"तुझ्या बाबांना सांग," आई म्हणाली, आवाज भरलेला, "आता कळलं म्हणावं. आणि शर्ट बदला म्हणावं, कातडी सोलेल."

दोघं माझ्याकडे बघत होते. पोचवण्यासाठी. हातभर अंतर होतं त्यांच्यात. माझा आवाज परत आला होता, नवा, मोठा.

मी उठून उभी राहिले.

"नाही," मी म्हणाले. "शब्द मी बरोबर पोचवला होता. एक अक्षरही सांडलं नव्हतं. तरी बाबा आत्ता त्या स्टुलावर असते. आई, बाबा, नीट ऐका, कारण हे मी कुणामार्फत सांगत नाहीये. आजपासून मी तुमचा एकही निरोप पोचवणार नाही. मिठाचासुद्धा नाही. भांडा, ओरडा, लाटणी आपटा, पण एकमेकांशी. मी मधून बाजूला होतेय."

आणि मी खरंच बाजूला सरकले.